तक्रार नेमकी कशाची?

श्रावणात आमच्या मंडळाने मंगळागौरीचे खेळ केले. दरवर्षीच करतो, पण या वेळी माझ्या भाच्याने ते मोबाइलवर चित्रित करून नेटवर टाकले. सात मिनिटांचा व्हिडिओ. झिम्मा, फुगडी, सूप, लाटणी, पिंगा, सगळं आलं होतं त्यात. गाणी आज्या-पणज्यांची, गळे आमचे आणि नऊवारी नेसलेल्या आम्ही अठरा जणी. सगळ्यात धाकटी ३१ वर्षांची, सगळ्यात थोरल्या काकू ६८ वर्षांच्या. काका गेल्यावर काकूंनी हे खेळ सोडले होते. 'आता मला कुठे शोभतंय' म्हणायच्या. दोन वर्षं मागे लागून लागून आम्ही त्यांना पुन्हा रिंगणात आणलं. पहिल्या आठवड्यात चारशे लोकांनी व्हिडिओ पाहिला, तर आम्हाला आभाळ ठेंगणं झालं!

दिवाळीच्या सुट्टीत माझा धाकटा माझ्याजवळ येऊन नुसताच उभा राहिला. नववीत आहे. काहीतरी फुटलं-बिटलं असेल असं वाटलं. म्हणाला, "आई, ओरडणार नसशील तर एक दाखवतो."

त्याने दाखवलं ते असं. कानाला मोठे हेडफोन लावलेला एक विशीतला मुलगा. हा 'स्ट्रीमर'. म्हणजे काय, तर घरात बसून बंदुकांचा व्हिडिओ गेम खेळायचा, खेळता खेळता तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा आणि हजारो मुलांनी ते त्याच क्षणी आपापल्या घरी बसून बघायचं. पूर्वी पानाच्या टपरीमागे चौघं कॅरम खेळायचे आणि पंधरा जण भोवती उभे राहून बघायचे ना, तसंच. फक्त इथे बघणारे पैसे पाठवतात, जाहिराती येतात आणि खेळणाऱ्याचं घर चालतं. चांगलंच चालतं म्हणे. तर हा मुलगा दोन डावांच्या मधल्या वेळात 'मजेशीर व्हिडिओ' दाखवत होता आणि त्यातला एक आमचा होता.

फुगडी घालताना काकूंचा पाय घसरला होता. त्या धपकन बसल्या, हसत उठल्या आणि पुन्हा हात धरले. आम्ही तो तुकडा मुद्दाम ठेवला होता, इतक्या गोड हसल्या होत्या त्या. या मुलाने तेवढाच तुकडा सात-आठ वेळा मागे-पुढे केला. वर जे बोलला ते मी इथे लिहू शकत नाही. आमच्या वजनावर, वयावर, लुगड्यावर. आणि प्रत्येक वाक्याला शिवी. मैत्रिणींनो, गेम खेळणाऱ्या मुलांच्या तोंडची भाषा एकदा दाराआडून ऐका. शत्रूला गोळी लागो नाहीतर आपल्याला, आठवण निघते ती कुणाच्या तरी आई-बहिणीचीच!

काकूंच्या नातवाला वर्गातल्या मुलांनी तो व्हिडिओ दाखवला. काकू त्यानंतर दोन भजनांना आल्या नाहीत. निरोप पाठवला, गुडघा दुखतोय.

भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, अजिबात त्रास करून घेऊ नकोस. चित्रण आपलं आहे. कॉपीराइटची तक्रार टाकू, दोन दिवसांत व्हिडिओ उतरेल. वर त्याला 'स्ट्राइक' बसेल. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले की चॅनलच बंद!"

ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, आपली तक्रार चोरीची आहे का? कुणी चांगलं बोलून तो व्हिडिओ दाखवला असता तर आपण पेढे वाटले असते. चोरीचं दुःख नाहीये आपलं. दुसऱ्या दिवशी भाच्याला तसं म्हटलं तर तो जरा थांबला आणि म्हणाला, "तुझ्यासारखाच प्रश्न एकदा जगभर गाजलाय. थांब, तुला वाचायला पाठवतो." त्याने पाठवलेलं वाचता वाचता मी त्यात चांगली आठवडाभर गुंतले.

गोष्ट आहे फेलिक्स शेलबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाची. नेटवर तो 'प्यूडीपाय' म्हणून ओळखला जातो. १९८९चा जन्म, गाव गोथेनबर्ग. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडलं, काही काळ हॉट डॉग विकले आणि २०१०मध्ये गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. तीन वर्षांत त्याचं चॅनल यूट्यूबवर सगळ्यात जास्त वर्गणीदार असलेलं चॅनल झालं. २०१७मध्ये हा आकडा साडेपाच कोटींच्या वर होता. माझ्या मुलाला तो माहीत होता. मला माहीत नव्हता, यात नवल ते काय!

त्या वर्षाच्या जानेवारीत त्याने एक 'गंमत' केली. एका वेबसाइटवर पाच डॉलरला लोक वाट्टेल ते काम करून देतात. याने भारतातल्या दोन तरुणांना पैसे देऊन एक फलक हातात धरायला लावला. त्यावर सगळ्या ज्यूंच्या मरणाची मागणी लिहिलेली होती. ती दोघं अंगाला रंग लावून, नाचून, हसत हसत तो फलक उलगडतात. पाच डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेतीनशे रुपयेही नाहीत. त्या मुलांनी नंतर माफी मागितली. आपण काय लिहिलंय याचा अर्थच कळला नव्हता, असं सांगितलं. साइटवरचं त्यांचं खातं मात्र आधी बंद झालं. मला या सगळ्या प्रकरणात राहून राहून वाईट वाटलं ते या दोघांचं. गंमत करणारा परदेशात, ज्यांची थट्टा झाली ते ज्यूही दूर आणि बदनामीचा फलक आपल्या पोरांच्या हातात! फेब्रुवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने अशा व्हिडिओंबद्दल छापलं. डिस्नेच्या मालकीच्या कंपनीने त्याच्याशी संबंध तोडले, यूट्यूबने त्याची एक मालिका रद्द केली.

इतकं होऊनही त्याच वर्षी १० सप्टेंबरला थेट प्रक्षेपणात, समोरच्या खेळाडूवर चिडून, त्याच्या तोंडून कृष्णवर्णीयांसाठीची ती घाणेरडी शिवी निघाली. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली, अमेरिकेत शहाणा माणूस उच्चारही करत नाही अशी. आपल्याकडे जातीवरून दिलेली शिवी जशी जिव्हारी लागते, तशीच ही.

आता इथे दुसरं पात्र येतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'कॅम्पो सँटो' नावाची एक लहानशी गेम कंपनी होती. तिचा 'फायरवॉच' नावाचा गेम २०१६मध्ये आला होता. हा गेम कशाबद्दल आहे हे वाचून मी चकितच झाले. बायकोला ऐन उमेदीत स्मृतिभ्रंश झालाय, आणि तो भार न पेलवलेला नवरा अमेरिकेतल्या जंगलात वणव्यावर पहारा करायची नोकरी धरतो. दुसऱ्या मनोऱ्यावरच्या एका बाईशी वॉकीटॉकीवर बोलत राहतो. बस्स. गोळीबार नाही, शत्रू नाही. गेम म्हणजे नुसती मारामारी असं मी आजवर समजत होते. इथे तर आपल्या दिवाळी अंकातली कथा शोभावी असा विषय! प्यूडीपायने हा गेम खेळून त्याचा व्हिडिओ टाकला होता आणि तो लाखो लोकांनी पाहिला होता.

ती शिवी ऐकून कंपनीचे एक संस्थापक शॉन व्हॅनामन भडकले. त्यांनी जाहीर केलं, की आमच्या गेमवर या माणसाने पैसे कमवायला नकोत, आम्ही कॉपीराइटची नोटीस देतोय. इतर गेम कंपन्यांनीही असंच करावं असं आवाहन केलं. नोटीस गेली, प्यूडीपायला स्ट्राइक बसला. १२ तारखेला त्याने व्हिडिओ करून माफी मागितली. आधीच्या चुकांमधून आपण काही शिकलोच नाही असं दिसतंय, अशा अर्थाचं तो बोलला.

झालं, संपलं? छे! खरी गोष्ट तर इथेच सुरू होते. कारण शिवी होती एका व्हिडिओत आणि नोटीस गेली भलत्याच व्हिडिओवर. 'फायरवॉच'च्या व्हिडिओत ती शिवी नव्हतीच. शिवाय याच कंपनीने आपल्या वेबसाइटवर लिहिलं होतं, की आमचा गेम खुशाल खेळून दाखवा, त्यावर पैसेही कमवा. शेजारणीला 'ने गं आमचं पुरणयंत्र' म्हणायचं आणि पुढे भांडण झाल्यावर यंत्र चोरल्याची फिर्याद द्यायची, तसं काहीसं. अर्थात दिलेली परवानगी मालक परत घेऊ शकतो, असं कंपनीच्या बाजूने बोलणारेही होते. पण मूळ राग शिवीचा होता, हे तर त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

मग त्यांनी शिवीचीच तक्रार का नाही केली? मी हा प्रश्न आमच्या ओळखीच्या वकीलबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "कारण तिकडे त्या तक्रारीला दारच नाही." आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर १९८९चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. अमेरिकेत बोलण्याच्या स्वातंत्र्याला राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीने इतकं संरक्षण दिलंय, की नुसता किळसवाणा शब्द उच्चारला म्हणून गुन्हा होत नाही. कॉपीराइटचं दार मात्र सताड उघडं. १९९८च्या तिथल्या कायद्याने सोय अशी केलीय, की मालकाने नोटीस दिली की वेबसाइट आधी व्हिडिओ उतरवते, कारण नाही उतरवला तर जबाबदारी तिच्यावर येते. खरं-खोटं नंतर. ज्याचा उतरला त्याने उलट नोटीस द्यायची, मग दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मालकाने कोर्ट गाठलं नाही तर व्हिडिओ परत लागतो.

या सगळ्यात 'फेअर यूज' हा शब्द सारखा येतो. दुसऱ्याच्या कलाकृतीचा रास्त वापर. तिथल्या कायद्यात यासाठी चार गोष्टी बघतात. कशासाठी वापरलं, मूळ वस्तू कोणत्या प्रकारची, किती वापरलं आणि त्यामुळे मूळ मालकाच्या बाजारपेठेवर काय परिणाम झाला. टीका, विडंबन, शिकवणं यासाठी थोडंफार घेतलं तर चालतं. गेमच्या बाबतीत हे जरा अवघड आहे. स्ट्रीमर कधी अख्खा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून दाखवतो. एक म्हणतो, माझं बोलणं, माझं खेळणं ही नवी कलाकृती. दुसरा म्हणतो, कथा फुकटात बघून झाल्यावर माझा गेम विकत कोण घेणार? 'फायरवॉच'सारख्या गोष्ट सांगणाऱ्या गेमला तर हे जास्तच लागू. प्यूडीपायचं प्रकरण न्यायालयात गेलंच नाही, त्यामुळे निकाल काही लागला नाही.

पण त्याच्या दोन-तीनच आठवडे आधी, ऑगस्ट २०१७मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक निकाल लागला होता. ईथन आणि हीला क्लाइन या नवरा-बायकोने एकाच्या विनोदी व्हिडिओचे तुकडे दाखवत दाखवत त्याची यथेच्छ खिल्ली उडवली होती. साडेपाच मिनिटांच्या मूळ व्हिडिओतली तीन मिनिटं घेतली होती. न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी तो रास्त वापर ठरवला, कारण थोडं दाखवायचं, थांबवून त्यावर बोलायचं, ही टीकाच झाली. मात्र त्यांनी हेही नोंदवलं, की असे सगळेच व्हिडिओ या प्रकारात बसत नाहीत. काही नुसतेच एकत्र जमून बघितल्यासारखे असतात. चाळीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे सगळ्यांनी बसून 'रामायण' बघायचं तसे, असं मी मनात म्हटलं.

हे वाचलं आणि मी चपापले. आमच्या व्हिडिओवर बोलणाऱ्या त्या मुलानेही थोडं दाखवून, थांबवून, बोलूनच तर केलं होतं! आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२वं कलम टीका आणि परीक्षणासाठी अशी मोकळीक देतं. केरळमध्ये थोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या नाटकावर सिव्हिक चंद्रन यांनी प्रति-नाटक लिहिलं, मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद घेऊन. वारस कोर्टात गेले. १९९६मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चंद्रन यांच्या बाजूने कौल दिला. टीका करायची तर ज्यावर करायची ते थोडं दाखवावं लागणारच. आता नाटकाची वैचारिक चिकित्सा कुठे आणि काकूंच्या पडण्यावरचं ते खिदळणं कुठे! पण 'टीका' हा शब्द दोघंही वापरणार.

पुन्हा अमेरिकेकडे येते. नोटीस दिल्यावर काय झालं? चर्चा शिवीवरून उठली आणि कॉपीराइटवर जाऊन बसली. 'आज याचा व्हिडिओ उतरवला, उद्या कंपनीवर टीका करणाऱ्या कुणाचाही उतरवतील' अशी ओरड सुरू झाली. चिडलेल्या चाहत्यांनी विक्रीच्या साइटवर 'फायरवॉच'बद्दल वाईट शेरे लिहून लिहून त्याची पत पाडली. ज्यांना ती शिवी होती ती माणसं बाजूलाच राहिली आणि शिवी देणारा 'कायद्याचा बळी' दिसायला लागला. व्हॅनामन यांनीही नंतर मान्य केलं, की कॉपीराइटचं हत्यार वापरल्याचा त्यांना खेद वाटतो, आणि नोटीस न देता व्हिडिओ उतरवून घेण्याची सोय असती तर तेच केलं असतं. मला त्यांचा राग नाही येत. समोर एकच दार उघडं दिसत असेल तर माणूस त्यातूनच जाणार. पण ते दार कुठे उघडतं ते बघायला हवं.

ते कुणावरही उघडू शकतं, हे स्टेफनी लेंझ यांच्यावरून कळतं. पेन्सिल्वेनियातल्या या आईने २००७मध्ये आपलं बाळ स्वयंपाकघरात नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. मागे प्रिन्स या गायकाचं गाणं वाजत होतं. संगीत कंपनीने नोटीस दिली आणि बाळाचा नाच गायब! या बाई कोर्टात गेल्या. २०१५मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं, की नोटीस देण्याआधी हा रास्त वापर आहे का, याचा मालकाने विचार केलाच पाहिजे. शेवटी २०१८मध्ये तडजोड झाली. अकरा वर्षं! बाळाला मिसरूड फुटायची वेळ आली असेल.

प्यूडीपायचा पुढचा तंटा थेट आपल्या देशाशीच झाला. २०१८मध्ये 'टी-सीरीज' त्याला मागे टाकणार असं दिसू लागलं. गुलशन कुमार यांची ही कंपनी, अनुराधा पौडवालांच्या आवाजातल्या कॅसेटी आपल्या सगळ्यांच्या देवघरात वाजल्यात. त्याने दोन गाणी काढली. एकाच्या नावातच बायकांना दिली जाणारी शिवी आहे, म्हणून ते नाव लिहीत नाही. त्यात भारतीयांच्या इंग्रजीची टर. मार्च २०१९च्या दुसऱ्या गाण्यात, कंपनीचा धंदाच चोरट्या गाण्यांवर उभा राहिला असा टोमणा, आणि जातिव्यवस्थेवरून आपल्याला शहाणपण. (टोचलं ना? मलाही टोचलं. पण तेवढा शेरा मला खोटा म्हणता येईना.) कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली ती बदनामी झाली म्हणून. गाण्यातली भाषा अपमानकारक, शिवराळ आणि वंशद्वेषी आहे असं न्यायालयाला प्रथमदर्शनी वाटलं आणि एप्रिलमध्ये ती गाणी भारतात दिसू नयेत असा अंतरिम आदेश निघाला. एवढ्या मोठ्या कंपनीने थट्टा सोसायला हवी होती असं माझं मत आहे. पण तक्रार ज्याची होती तिला त्यांनी त्याच नावाने हाक मारली, एवढं खरं. त्याच वर्षी १५ मार्चला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने आधी प्यूडीपायच्या चाहत्यांची घोषणा उच्चारली होती. त्याने लगेच निषेध केला आणि पुढे ती मोहीम थांबवा असं चाहत्यांना सांगितलं.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं. निम्म्या जणी कंटाळल्या, हे कबूल करायला हवं. आमच्या खजिनदार म्हणाल्या, "अहो, चोरी म्हणा नाहीतर आणखी काही, उतरल्याशी मतलब!" तरुण दोघी-तिघींचंही तेच मत. त्यांचंही चूक नाही. वकीलबाईंनी सांगितलं, की भारतीय न्याय संहितेच्या ७९व्या कलमात बाईच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द येतात, आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे. पण वेळ लागेल. जबाब द्यावा लागेल, कदाचित काकूंनाही.

मग काकूंनाच विचारायचं ठरलं. मी आणि खजिनदार त्यांच्याकडे गेलो. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, आमच्यासाठी त्या माळ्यावरून मोठा डबा काढत होत्या. सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "त्याने माझं काय चोरलं गं? मला बोलला तो. तेच लिहा."

तसंच लिहिलं. वेबसाइटच्या फॉर्मवर कारणांची यादी येते, त्यात 'छळ' यावर भाच्याने खूण केली, 'कॉपीराइट'वर नाही. पोर्टलवरची तक्रारही मी आणि वकीलबाईंनी बसून भरली. माझ्या मुलाने त्या स्ट्रीमरला बघणं सोडलंय असं तो म्हणतो. मी रोज विचारत नाही.

आज अकरा दिवस झाले. व्हिडिओ अजून तिथेच आहे. काल भाच्याचा फोन आला होता. "मावशी, तो दुसरा फॉर्म भरायला अजूनही दोनच मिनिटं लागतात. सांग, भरू का?" मी म्हटलं, "गुरुवारच्या भजनाला काकू येणार आहेत. त्यांना विचारते."